आमची वाटचाल : गिऱ्हाइकाआधी चिंध्या

इचलकरंजीत आम्ही हातकागद बनवतो. लग्नपत्रिका, डायऱ्यांची वेष्टनं, जलरंगाचे जाड ताव. कच्चा माल म्हणजे शिलाईच्या कारखान्यांत उरणारी सुती कतरण. सुरुवातीला जो तो सांगायचा, आधी गिऱ्हाईक बघ. मी आधी कतरण बघितली, आणि त्यामागे एक अमेरिकन गिरणीवाला होता : झेनास क्रेन.

जन्म 1777 चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातला. कागद घरातच होता. वडील मिल्टनच्या ‘लिबर्टी’ कागदगिरणीचे भागीदार. झेनास भावाच्या गिरणीत काम शिकला, मग वूस्टरला. 1799 मध्ये बर्कशायरच्या डोंगरांत फिरताना त्याने डाल्टनची जागा हेरली. चाक फिरवायला हूसाटॉनिक नदी, लगद्याला स्वच्छ पाणी. 1801 मध्ये गिरणी उभी राहिली ती एका हौदाची. कारागीर साचा बुडवून एकेक ताव उचलायचे.

पण गिरणीच्या आधी जाहिरात आली. फेब्रुवारी 1801 मध्ये ‘पिट्सफिल्ड सन’ या वर्तमानपत्रात क्रेन आणि भागीदारांनी बायकांना विनवलं : चिंध्या टाकू नका, आम्हाला किंवा जवळच्या दुकानदाराला द्या, चांगला भाव देऊ. लाकडाच्या लगद्याचा कागद तेव्हा बाजारात नव्हता. जुने सुती-लिनन कपडे हाच माल. ज्या बाईला देशाचं भलं हवंय ती चिंध्या साठवेल, असंही वर जोडलं होतं. देशप्रेम आणि कच्चा माल एकाच वाक्यात! पक्का व्यापारी.

पुढे तो राज्याच्या विधिमंडळात गेला, गव्हर्नरच्या सल्लागार मंडळावरही बसला. मला स्वतःला त्यापेक्षा गिरणीच मोठी वाटते. 1842 मध्ये त्याने ती मुलांकडे सोपवली, 1845 मध्ये वारला. नोटेवरचा आकडा खोडून वाढवण्याची लबाडी तेव्हा चालायची; ती रोखायला मुलगा झेनास मार्शल याने 1844 मध्ये कागदातच रेशमी धागे घातले. 1879 पासून अमेरिकन सरकारच्या नोटांचा कागद क्रेन पुरवू लागले. डॉलरचा कागद आजही 75 टक्के कापूस, 25 टक्के लिनन.

आम्हीही बीटर, म्हणजे कतरण कुटून लगदा करणारं यंत्र, बसवण्याआधी कतरणीचे सौदे केले. मात्र क्रेनला न पडलेला पेच आमच्यापुढे आहे : पॉलिस्टर. ते बीटरमध्ये कुटलं जात नाही, तावावर गाठी उठतात. म्हणून शिलाईवाल्यांकडे आम्ही आमची पोती ठेवतो. निव्वळ सुती पांढऱ्याला भाव जास्त, मिश्र कतरण निघाली की पोतं परत.