कपाशी घरात आणतं का कोणी?

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या फोनवर दोनच प्रकारची माणसं असतात, लग्नघरची आणि भरीत पार्टीवाली. मी डेकोरेशनची कामं घेते. सुरुवात रुखवतापासून झाली, मग हळदीची स्टेजं, बारशाचे पाळणे असं करत करत आता घरगुती जेवणावळीचीही सजावट लोक सांगतात. भरताची पार्टी म्हणजे काय, हे खानदेशाबाहेर पटकन समजत नाही. माझ्या कोल्हापूरच्या जावेने एकदा विचारलं होतं, "म्हणजे वांगं एवढंच? आणि त्याला साठ माणसं?" हो, वांगं एवढंच. आणि साठ म्हणजे थोडी झाली.

ही पार्टी फैजपूरच्या अलीकडच्या एका गावात होती. नवं बांधलेलं घर, पुढे मोठा हॉल, मागे अंगण आणि अंगणापलीकडे केळीचा बाग. मुलगा-सून पुण्याला नोकरीत. दिवस चंपाषष्ठीचा, कारण घरचं दैवत खंडोबा आणि आजींचा चातुर्मास अगदी कडक. आषाढी एकादशीपासून त्यांनी वांगं आणि कांदा तोंडाला लावला नव्हता. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला तळी भरायची, भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच पहिला घास.

सजावटीचं मात्र सूनबाईंच्या हातात होतं. त्यांनी मला मोबाइलवर पंधरा-वीस फोटो पाठवले. केशरी-लाल पानांच्या माळा, दारापुढे रचलेले भोपळे, गवताच्या पेंढ्या, जाड मेणबत्त्या. खाली लिहिलं होतं, "ताई, मला घरात असा ऑटम हवा."

आता यांना काय सांगायचं? आपल्याकडे कार्तिक संपताना पानं कुठे गळतात? पळस, साग उघडे पडायचे ते माघ-फाल्गुनात. मार्गशीर्षात आमच्याकडे केळी हिरवीगार असते, तूर पिवळ्या फुलांनी भरलेली असते, हरभरा वीतभर वर आलेला असतो. भोपळ्याचं एक वेळ जमेल, आम्ही त्याला गंगाफळ म्हणतो आणि ते बाजारात ढिगाने मिळतं. पण फोटोतला तो वाळलेला, तपकिरी सोनेरी रंग आणायचा कुठून? बांधाबांधाने विचार करत गाडी चालवत होते तेव्हा एका शेतात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून टाकलेल्या दिसल्या. काळपट काड्या आणि टोकाटोकाला राहिलेला पांढरा कापूस. गाडी थांबवून फोटो काढला आणि पाठवला. उत्तर लगेच आलं, "हेच! हेच पाहिजे!" शहरातल्या दुकानांत फुलदाणीत ठेवायला बोंडाच्या चार फांद्या विकत मिळतात, ते त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. त्याचा भाव ऐकला तेव्हा त्या शेतकऱ्याला सांगावंसं वाटलं.

या दिवसांत उपटलेल्या पऱ्हाट्या मिळायचं कारण साधं आहे. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते मे महिन्यातच कपाशी लावतात. ती दिवाळीच्या आगेमागे वेचून संपते आणि त्या जागी गहू, हरभरा किंवा मका पडतो. कोरडवाहू कपाशी अजून शेतात उभी असते. मला दोनशे काड्या हव्या होत्या, त्या शेतकऱ्याने फुकट उचलून नेऊ दिल्या. वर म्हणाला, "न्या ताई, मला तरी जाळायच्याच होत्या."

पार्टीच्या आदल्या दिवशी आम्ही काम सुरू केलं. माझ्याबरोबर दोन पोरं. हॉलच्या लांब भिंतीवर तार ताणून पऱ्हाट्या उभ्या बांधल्या, बोंडं वरच्या बाजूला. त्यामधून ज्वारीची कणसं खोचली, खाली गंगाफळांची रांग, झेंडूच्या सुट्या माळा. दिवाळीनंतर झेंडूचा भाव उतरतो, त्यामुळे पैशांची चिंता नव्हती. समोरून दोन हॅलोजन टाकले. पिवळा उजेड पडला आणि कापूस असा चमकायला लागला की आमचाच आमच्यावर विश्वास बसेना. इतक्या वर्षांत मी इतकी देखणी भिंत केली नव्हती, हे अजूनही म्हणते.

हॅलोजन रात्रभर चालू राहिले. बंद करायचे राहून गेले, चूक माझीच.

सकाळी दहा वाजता पोचले तर आजी हॉलच्या मधोमध उभ्या. नऊवारीचा पदर नाकाला लावलेला.

"काय वं, हे कोनी आनलं?"

"मी आणलं, आजी. चांगलं दिसतंय ना?"

"दिसाले चांगलं. पन कपाशी घरात आनतं का कोनी?"

मी हसले. मग त्यांनी बोटाने दाखवलं तिकडे पाहिलं. भिंतीच्या पांढऱ्या रंगावर तिळाएवढे करडे-काळे ठिपके होते आणि ते चालत होते. बोंडांमधून बाहेर येत होते, तारेवरून जात होते, छताच्या कडेच्या पट्टीत शिरत होते. मधूनच शेंदरी-लाल रंगाचे मोठेही होते. झेंडूच्या माळांवर, खाली टाकलेल्या सतरंजीवर, देव्हाऱ्याच्या उंबऱ्यावर. एक चिरडला तर असा वास आला की पोरगा मागेच सरकला.

ढेकण्या. शेतात मी लहानपणी किती पाहिल्या असतील! करड्या असतात तशा लाल असतात, फुटलेल्या बोंडात कापसाच्या आत बसून सरकीचा रस पितात. कापूस डागाळतो तो त्यांच्यामुळेच. बाहेर थंडी असली की त्या बोंडात गप्प बसतात. मी त्यांना बंद खोलीत आणलं, वर रात्रभर हॅलोजनची ऊब दिली. काही अर्धवट उघडलेली बोंडं पोरांनी हौसेने लावली होती, त्यातून एक-दोन गुलाबी अळ्याही सरकताना दिसल्या. ही गुलाबी बोंडअळी म्हणजे आमच्या शेतकऱ्यांचा खरा वैरी. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या ठेवू नका, फरदड घेऊ नका, म्हणजे पाणी देऊन तेच पीक पुढे लांबवू नका, घराजवळ रचू नका, असं कृषी खात्याचे लोक दर वर्षी गावोगाव सांगत फिरतात, ते याच अळीसाठी. आणि मी दोनशे पऱ्हाट्या हॉलमध्ये उभ्या केल्या होत्या. शेतकऱ्याची मुलगी असून.

सूनबाई वरून उतरल्या, भिंतीकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा वर गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाहुणे सहा वाजता येणार होते. फवारा मारायचं एका पोराने सुचवलं. त्याच हॉलमध्ये संध्याकाळी पंगत बसणार, आजी तिथेच तळी भरणार, तिथे कसला फवारा मारतोस? हॅलोजन बंद केले, खिडक्या उघडल्या, जुन्या चादरी खाली अंथरल्या आणि पऱ्हाट्या तशाच चादरीत गुंडाळून अंगणात काढायला लागलो. भिंत दोनदा ओल्या फडक्याने पुसली. छताच्या पट्टीतल्या ढेकण्या केरसुणीने काढल्या. दोन वाजले.

अंगणात भरीतवाले नाना चूल मांडून बसले होते. ते बामणोदकडचे. त्या भागातल्या वांग्याला आणि भरताला किती मान आहे हे मी सांगायची गरज नाही, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. वांगी आली होती, एकेक हातभर फुगलेलं, फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा. बिया कमी, साल पातळ. पण नानांचा चेहरा उतरला होता. पहाटेचं दव सरपणावर पडलं होतं, वरून पोरांनी पाण्याची टाकी ओसंडू दिली होती आणि काड्यांचा ढीग खालून भिजला होता. भरिताचं वांगं गॅसवर भाजलं तर घरच्यापुरतं चालतं. साठ माणसांच्या पार्टीला ते चालत नाही, आणि बाभळीचं लाकूडही चालत नाही. त्याचा विस्तव जड, वांगं बाहेरून जळतं आणि आत कच्चं राहतं. कपाशीच्या काड्यांचा जाळ कसा भपकन येतो, चारी बाजूंनी लागतो आणि लवकर बसतो. वांगं साल काळी होईपर्यंत आतून लोणी होतं. धुराचा वास तोच.

नाना माझ्या चादरींकडे पाहत होते.

"ताई, त्या काड्या?"

"त्यात ढेकण्या आहेत नाना."

"बोंडात आहे, काडीत नाही ना. बोंडं तोडा समदी. एक बी राहू देऊ नका, नाहीतर त्या जळक्या ढेकणीचा वास माझ्या वांग्याला लागीन. काड्या झटका अन् इकडे द्या."

मग मी, दोन पोरं, घरातल्या दोन जावा आणि शेवटी सूनबाईसुद्धा, सगळे अंगणात बसून बोंडं खुडत होतो. बोंडं पार बागेच्या टोकाला नेऊन वेगळी जाळली. काड्या उन्हात झटकल्या. नानांनी एकेका वांग्याला सुरीने टोचे मारले, नाहीतर जाळात फुटतं, आणि साडेतीनला पहिला जाळ घातला.

आता माझी भिंत. ती रिकामी होती, आणि मी पैसे घेतलेले. स्वयंपाकघरात गेले. तिथे जे होतं तेच उचललं. कांद्याच्या पातीच्या जुड्या, मुळे पाल्यासकट, हिरव्या मिरचीची टोपली, लसणाच्या वेण्या, कोथिंबीर, राखून ठेवलेली वीस-पंचवीस वांगी. बागेतून केळीचे चार खुंट आणि पानं आणली. खुंट दोन्ही बाजूंना उभे केले, मधल्या तारेला पातीच्या जुड्या उलट्या टांगल्या, लसणाच्या वेण्या सोडल्या, खाली गंगाफळं, त्यांच्या मध्ये वांगी. ज्वारीची कणसं झटकून, एकेक तपासून पुन्हा खोचली. सूनबाईंनी पुण्याहून आणलेली कागदी केशरी पानंही एका कोपऱ्यात चिकटवली. मला ती आवडली नाहीत, पण त्यांनी माझ्यासोबत बसून बोंडं खुडली होती.

सहाला खंडोबाची तळी भरली. "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, भंडारा उधळला, तो भिंतीवरच्या गंगाफळांवरही पडला आणि खरं सांगते, त्या पिवळ्या रंगाने जे काम केलं ते माझ्या हॅलोजनने केलं नव्हतं.

मागे नाना वांगी सोलून लाकडी काठवटीत ठेचत होते. मिक्सरला हात लावू देत नाहीत ते, भरताचा लगदा होतो म्हणतात. हिरवी मिरची तेलात परतून लसणाबरोबर ठेचलेली, फोडणीत शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप, मग पात, शेवटी कोथिंबीर. सोबत कळण्याच्या पुऱ्या. ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणा, आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घेतात. पंगत बसली, आणि दुसऱ्या वाढपात पात संपली. नानांचा माणूस सरळ हॉलमध्ये आला, भिंतीवरच्या चार जुड्या काढून घेऊन गेला. मग कुणाला तोंडी लावायला मुळा हवा झाला. मग मिरच्या. नऊ वाजेपर्यंत माझ्या भिंतीवर केळीचे खुंट, गंगाफळं, लसणाच्या दोन वेण्या आणि कागदी पानं एवढंच उरलं होतं.

आजींनी पहिला घास घेतला तेव्हा मी बाजूलाच उभी होते. त्या काही बोलल्या नाहीत. पान पुढे केलं, आणखी वाढ म्हणून.

दोन दिवसांनी हिशेबाला गेले. पऱ्हाट्यांच्या भिंतीचे पैसे मी लावलेच नव्हते, कुठल्या तोंडाने लावणार? सूनबाईंनी नानांचं बिल समोर ठेवलं होतं. त्यात भरीत, पुऱ्या, कढी, वाढपी, आणि खाली स्वच्छ अक्षरात एक ओळ: सरपण, कपाशीच्या काड्या, दोनशे.