ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जाताना आधी तिथी बघा

ठाणे खाडीतले फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, बघायला बहुतेक जण रविवार धरून निघतात. बघायची असते ती तिथी, कारण भरती-ओहोटीची वेळ तिथीप्रमाणे सरकते. पूर्ण ओहोटीला ऐरोलीहून बोट निघूच शकत नाही, समोर नुसता चिखल. भरती शिगेला पोचली की चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी उठून दुसरीकडे जातात. हवी असते चढती, अर्धी भरती.

कोळीवाड्यांत चालणारा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा अंदाज झाला. भरतीचं वेळापत्रक बघाच. त्यातली वेळ बहुधा दक्षिण मुंबईतल्या अपोलो बंदरची असते, इतक्या आत पाणी यायला आणखी वेळ लागतो.

म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची सकाळची नऊ-साडेनऊची फेरी मिळाली तर सोडू नका. पाणी चढतं तसा चिखलाचा पट्टा आक्रसतो आणि पक्षी दाटीने एकत्र येतात. सकाळचं ऊनही ऐरोलीच्या बाजूने, पाठीवर असतं. वन विभागाच्या बोटींच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, त्यामुळे नोंदणी आधीच करा. नंतर दुपारी बाराच्या सुमारास नेरूळचं डीपीएस तळं गाठा. खाडी भरली की बरेच रोहित तिकडे विसाव्याला जातात. मात्र तिथे खाडीचं पाणी आत येणारे मार्ग मोकळे असायला हवेत. ते बुजले की तळंच बिघडतं.

नोव्हेंबरपासून पक्षी येऊ लागतात, फेब्रुवारी ते एप्रिल भर असतो. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, पुरते. चोच बघा: गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असेल तर मोठा रोहित, सगळीच गडद तर छोटा. करडी दिसतात ती पिल्लं. बोटीची वाट बघताना तिवराच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या, पानाला जीभ लावून बघा, खारट लागेल. झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. खाली चिखलात निवट्या, म्हणजे चिखलावर वावरणारे छोटे मासे, उड्या मारत असतात. पहाटे कधी कोल्हाही दिसतो.

१८५४ साली रेल्वे ही खाडी ओलांडून कल्याणला पोचली. रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले ते मात्र १९९०च्या दशकापासून. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला. तंबू ठोकून राहण्याचा बेत इथे करू नका, ही जागा दिवसाचीच आहे.

बोटीत उभं राहू नका. सगळ्या थव्याने माना वर करून एकाच दिशेला चालायला सुरुवात केली, की तो उडायच्या बेतात आहे असं समजा आणि नावाड्याला लगेच इंजिन बंद करायला सांगा. उडणाऱ्या थव्याचा फोटो छान येतो, पण त्यासाठी त्यांचं खाणं मोडायचं नाही.