चढावर भेटलेली मोटर
आज सकाळी जंगलातल्या अरुंद पायवाटेवर, सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरवर धापा टाकत चढत असताना मागून मोटरची बारीक गुणगुण ऐकू आली आणि विजेच्या मोटरची मदत असलेल्या सायकलीवरून साठी ओलांडलेले एक गृहस्थ "मागून येतोय हं" असे म्हणत, दम न लागता, माझ्या शेजारून पुढे निघून गेले. खरे सांगायचे तर पहिली भावना रागाची होती. घाम न गाळता माथा गाठणे ही लबाडीच, असे आम्हा डोंगरात सायकल चालवणाऱ्यांपैकी अनेकांना वाटते आणि मीही त्याला अपवाद नाही.

माथ्यावर ते पुन्हा भेटले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुटलेली सायकल या मोटरमुळे परत मिळाली, असे त्यांनी सांगितले. त्यांची सायकल उचलून पाहिली, तेव्हा माझ्या १४ किलोंच्या सायकलीपुढे तिचे २३ किलो मनगटांना लगेच जाणवले. युरोपीय नियमांनुसार अशा सायकलीची मोटर सलग २५० वॅटपर्यंतच शक्ती देते, पायडल मारले तरच मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरला ती मदत थांबवते. म्हणजे वेगवान उतारावर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. शिवाय अशा सायकली वाटा खराब करतात म्हणावे, तर ओल्या मातीत मागचे चाक घसरवत ब्रेक दाबून वाटेला चर पाडणारे आमच्यातही कमी नाहीत.

माझी एक तक्रार मात्र शिल्लक आहे. खाली उतरणाऱ्याला वळणाआडून कोणी इतक्या वेगाने चढत येईल, अशी अपेक्षाच नसते. ते गृहस्थ प्रत्येक वळणाआधी घंटी वाजवत होते, हेही खरे. माझ्या सायकलीला घंटीच नाही.