हात दुखतोय, मग मान कशाला बघता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतोच: "मॅडम, दुखतोय हात आणि तुम्ही मान काय दाबताय?" विचारणाऱ्याचा चेहरा असा असतो, जणू पंक्चर पुढच्या चाकाला आणि हिनं उघडलंय मागचं.

अशा वेळी मला एक काका आठवतात. निवृत्त शिक्षक. बाहेर बाकावर उजवा हात डोक्यावर ठेवून बसले होते. "हात खाली घ्या हो, अवलक्षणी दिसतं. घर बुडाल्यासारखं डोक्याला हात लावून काय बसायचं!" असं म्हणत काकू दर दोन मिनिटांनी तो हात खाली ओढायच्या, आणि काका कळवळून पुन्हा वर न्यायचे. ते आत येण्याआधीच माझं निम्मं निदान झालं होतं. हात डोक्यावर गेला की मानेतून निघणाऱ्या नसेवरचा ताण सैल पडतो. खांदा बिघडलेला माणूस सहसा हात तिथवर नेतानाच ओरडतो.

मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. मणक्यांच्या दोन्ही बाजूंच्या बारीक फटींतून त्या बाहेर पडतात, आणि पाचवीपासून खालच्या नसा हातात उतरतात. ढोबळ नकाशा असा: सहावी अंगठ्याकडे, सातवी मधल्या बोटाकडे, आठवी करंगळीकडे. दोन मणक्यांमधली गादी सरकून फटीत आली, किंवा वयानं तिथं हाड वाढलं, की नस दबते, सुजते. मग कळ हातात का? कोपर दाराच्या चौकटीवर आपटलंय ना कधी? मार बसतो कोपराला, झिणझिण्या येतात करंगळीत. नस वाटेत कुठेही डिवचली तरी मेंदूला वाटतं, निरोप टोकाकडूनच आलाय. मानेतही हेच होतं.

(नस म्हणजे शीर नव्हे. शिरेतून रक्त वाहतं. "शीर दबली" म्हणणाऱ्यांना मी आता सुधारत नाही, पण मनात टोचतं.)

काकांची मान जराशी मागे आणि उजवीकडे कलवून मी डोक्यावर हलका दाब दिला. "हां! हीच कळ!" म्हणत त्यांनी मधलं बोट पुढे केलं. काकू माझ्यावरच उखडल्या, "अहो, बरं करायला आणलंय त्यांना!" स्पर्लिंग आणि स्कोविल या अमेरिकन शल्यविशारदांनी १९४४ मध्ये ही तपासणी लिहून ठेवली. तिला ना यंत्र लागतं ना वीज, पण घरी एकमेकांवर करून बघू नका. तांब्या वरून धरून पाणी पितानाही तीच कळ जाते, हे काकांनी मग स्वतःच सांगितलं. मान मागे गेली की फट आणखी अरुंद होते. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना त्यांचा उजवा हात ढिला पडायचा. दंडाच्या मागच्या स्नायूला सातवी नस लागते. सगळं एकाच पत्त्यावर येत होतं.

एमआरआयची जाडजूड पिशवी त्यांनी सोबत आणली होतीच. ती मी शेवटी उघडते. १९९० मध्ये अमेरिकेत काहीही त्रास नसलेल्या ६३ जणांच्या मानेचे एमआरआय काढले, तर १९ टक्के लोकांत दोष निघाले. म्हणजे फोटोत दिसलं ते दुखणारच असं नाही. बोट, ताकद आणि फोटो एकाच नसेकडे बोट दाखवत असतील, तरच मी त्यावर विश्वास ठेवते.

उलटी चूकही माझ्या हातून झाली आहे. एका बाईंच्या मानेवर मी दोन आठवडे घालवले. रात्री हात मुंग्यांनी भरून यायचा, झटकला की बरं वाटायचं. नस दबली होती ती मनगटात. झटकल्याचं मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

दोन गोष्टींत मात्र माझी वाट बघू नका. डाव्या हाताच्या कळेबरोबर छातीवर दडपण, घाम किंवा धाप असेल तर आधी दवाखाना आणि ईसीजी. आणि शर्टाची बटणं लागेनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर तो मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. थेट सर्जन गाठा. सलूनमध्ये कडाकड मान मोडून घेणाऱ्यांना मी हात जोडते. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्याही जातात.

बाकी बहुतेकांची नस काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, ऑपरेशनशिवाय शांत होते. काकांना डॉक्टरांच्या गोळ्या, थोडे दिवस वजन उचलणं बंद, एकावर एक रचलेल्या दोन उशांऐवजी एक, आणि मग हळूहळू व्यायाम. नवव्या आठवड्यात ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बाकावर बसले होते. हाताची ताकद यायला त्याहून वेळ लागला.

त्या दिवशी निघताना काकू दारात थांबल्या. "मॅडम, माझी टाच दुखते सकाळी. बघाल का जरा? पण टाचच बघा हं, कंबर नको."