दातांवरून कसं ओळखता?

शाळांमध्ये दात तपासायला जाते, तेव्हा पालकसभेनंतर कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच : ‘जेवून उलटी काढणारी मुलं तुम्हाला दातांवरून कळतात म्हणे. ते कसं?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वरच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूवर आरसा धरला, की तिथलं इनॅमल झिजून गुळगुळीत झालेलं दिसतं, आतला पिवळा थर डोकावतो. दाढेतलं सिमेंट झिजत नाही, भोवतालचा दात झिजतो, म्हणून सिमेंट वर उठून दिसतं. तक्रार मात्र एवढीच, ‘गार पाणी लागतं.’ कोल्ड्रिंकनेही दात झिजतात, पण सहसा बाहेरच्या बाजूने. जुन्या ॲसिडिटीत मात्र अगदी असंच दिसतं, त्यामुळे मी लगेच निष्कर्ष काढत नाही. कानाखाली गालगुंडासारखी सूज आहे का, घशात बोटं घालताना दात लागून बोटांच्या पेरांवर घट्टे पडलेत का, हे बघते. मग आईला बाहेर बसवून विचारते, ‘जेवल्यावर उलटी होते, की काढावी लागते?’ ‘होते कधीकधी’ एवढं उत्तर मला पुरतं. त्या दिवशी सांगायचं एकच : उलटीनंतर लगेच ब्रश नको, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भर.

हा बुलिमिया, म्हणजे खाऊन मुद्दाम उलटी काढण्याचा आजार. जेराल्ड रसेल या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९७९ साली त्याचं वर्णन केलं. पेरांवरच्या त्या खुणाही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. वजन बहुतेक वेळा ठीकठाक असतं, म्हणून घरात कुणाला शंका येत नाही.

खाण्याच्या आजारांच्या बाकीच्या प्रकारांत माझा आरसा फारसा कामाचा नाही. भराभरा, पोट दुखेपर्यंत, लपून खायचं आणि नंतर स्वतःची किळस करायची, पण उलटी नाही, हाही आजारच. हावरटपणा म्हणून सोडून देऊ नका. काही लहान मुलं घास अडकेल या भीतीने किंवा पदार्थाचा स्पर्शच नको म्हणून जेवत नाहीत. त्यांना बारीक व्हायचं नसतं.

ॲनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने उपाशी राहण्याचा आजार, आपल्याकडे उपवासात बेमालूम लपतो. सोमवार, मग गुरुवार, मग संकष्टी. आपल्या घरात उपवास म्हणजे एरवीपेक्षा जास्त खाणं! त्या दिवशी जी साबुदाण्याच्या खिचडीलाही हात लावत नाही, सगळ्यांना आग्रहाने वाढते, मे महिन्यात स्वेटर घालते, जिची पाळी थांबली आहे, तिच्याकडे बघा. आणि ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ म्हणणाऱ्या मावश्यांना कृपा करून आवरा. मुलग्यांनाही हे आजार होतात. तिथे जिमच्या नावाखाली खपून जातं.

मग जायचं कुठे? आधी फिजिशियनकडे. सततच्या उलट्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडते, म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञ. किशोरवयीन मुलांच्या उपचारात काही काळ जेवणाची सूत्रं आईवडिलांच्या हाती दिली जातात. बुलिमियात समुपदेशनाबरोबर कधी फ्लुओक्सेटिन हे औषधही देतात. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या मुलीला घरीच कोंबून खायला घालू नका. रक्तातलं फॉस्फेट एकदम घसरून जिवावर बेतू शकतं. कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही.

आणि हो, कॅपचं लगेच विचारू नका. उलट्या थांबेपर्यंत मी बसवत नाही. कॅपखालचा दात झिजतच राहिला, तर कॅप टिकत नाही.