परत न येणारे नाणे

सर्वांत कमी मूल्याचे नाणे चलनात ठेवावे की काढावे, या वादात पहिला मुद्दा बहुतेक वेळा खर्चाचा निघतो. नाण्याच्या दर्शनी मूल्यापेक्षा ते पाडायलाच जास्त पैसे लागतात, तेव्हा ते बंद करा, असे सांगितले जाते. हा मुद्दा खरा असला तरी मला तो दुय्यम वाटतो. एखादे नाणे वर्षानुवर्षे व्यवहारात फिरणार असेल, तर ते पाडायला त्याच्या मूल्याच्या दुप्पट खर्च आला तरी तो सोसण्याजोगा आहे. पाहायचे ते एवढेच, की ते नाणे या हातातून त्या हातात जाते का. जात नसेल, तर नीट नियम करून ते काढून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

नाण्याचा प्रवास टांकसाळीतून बँकेत, बँकेतून दुकानाच्या गल्ल्यात आणि गल्ल्यातून गिऱ्हाइकाच्या हातात होतो. इथवर सारे ठीक चालते. मात्र त्यापुढे सर्वांत लहान नाणे बरणीत, खणात किंवा जुन्या पाकिटात जाऊन पडते, कारण ते शोधून, मोजून पुन्हा देण्याचे कष्ट त्याच्या मूल्याहून जास्त असतात. दुकानदाराला मोड तर रोजच द्यावी लागते. म्हणून तो बँकेकडे नवी नाणी मागतो, बँक ती मागणी पुढे कळवते आणि टांकसाळ पुन्हा नाणी पाडू लागते. कागदावर पाहिले तर या नाण्याला भरपूर मागणी दिसते. प्रत्यक्षात ते फक्त देणाऱ्याला हवे असते, घेणाऱ्याला नको असते. जे नाणे एकदाच खर्ची पडते आणि परत येत नाही, त्याला चलन म्हणायला माझे मन धजत नाही.

सरकारे मात्र हे मान्य करण्याआधी धातू बदलून पाहतात. अमेरिकेने १९८२ मध्ये एक सेंटचे नाणे जस्ताचे केले आणि त्यावर तांब्याचा पातळ थर दिला. ब्रिटनने १९९२ मध्ये एक आणि दोन पेनीसाठी कांस्य सोडून तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद वापरायला सुरुवात केली. जुने आणि नवे नाणे शेजारी ठेवले तर रंगावरून फरक कळत नाही. लोहचुंबक जवळ नेला की जुने जागचे हलत नाही आणि नवे त्याला जाऊन चिकटते. एवढे करूनही २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या टांकसाळीला एक सेंटच्या प्रत्येक नाण्यामागे ३.६९ सेंट खर्च आला, आणि १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात चलनासाठीचे शेवटचे नाणे पाडले गेले. पण २०२४ च्या त्याच आर्थिक वर्षात पाच सेंटचे नाणे पाडायला १३.७८ सेंट लागत होते, हेही विसरू नये. एक सेंट गेल्यावर पाच सेंटच्या नाण्यांची गरज वाढली, तर वाचलेले पैसे तिकडे जाऊ शकतात. केवळ बचतीच्या आधारावर हा निर्णय घेणे मला कच्चे वाटते, ते याचमुळे.

लोकांना खरी भीती वाटते ती भाववाढीची, आणि ती भीती उडवून लावण्यासारखी नाही. कॅनडाने ४ फेब्रुवारी २०१३ पासून एक सेंटचे वितरण थांबवले, तेव्हा रोख रक्कम जवळच्या पाच सेंटांवर आणण्यासाठी सांगितलेली पद्धत अशी होती: एकूण रकमेचा शेवटचा अंक १, २, ६ किंवा ७ असेल तर रक्कम खाली आणायची, ३, ४, ८ किंवा ९ असेल तर वर न्यायची, आणि ० किंवा ५ असेल तर तशीच ठेवायची. चार अंकांवर गिऱ्हाइकाचा फायदा होतो आणि चारांवर दुकानदाराचा. कार्डाने पैसे देणाऱ्याची रक्कम जशीच्या तशी राहते.

हा समतोल टिकतो तो मात्र हिशोब कर धरून झालेल्या अंतिम बेरजेवर केला तरच. ९८ सेंटच्या तीन वस्तू घेतल्या तर बेरीज २ डॉलर ९४ सेंट होते आणि रोखीने २ डॉलर ९५ सेंट द्यावे लागतात. तोच नियम प्रत्येक वस्तूला वेगळा लावला तर पुरे ३ डॉलर होतात. एका सेंटचे सहा सेंट होतात, आणि हा भुर्दंड पडतो तो रोखीने एकेक वस्तू घेणाऱ्यावर. हातात येईल तेवढ्याच पैशांत घर चालवणारे लोक अनेकदा अशीच खरेदी करतात. म्हणून बेरजेचा नियम कायद्यात लिहिलेला असावा, तो दुकानदाराच्या मर्जीवर सोडू नये. फिनलंडमध्ये युरोच्या नोटा-नाणी आल्यापासूनच रोख रक्कम जवळच्या पाच सेंटांवर आणली जाते आणि तिथे एक व दोन सेंटची नाणी कधी रोजच्या वापरात आलीच नाहीत. अमेरिकेत मात्र देशभर लागू होणारा असा नियम ठरण्याआधीच नाणी पाडणे थांबले. त्यामुळे टंचाई आली तेव्हा दुकानांनी आपापल्या परीने मार्ग काढले. नाणे काढण्याच्या बाजूने असूनही ही रीत मला चुकीची वाटते.

याहून वाईट स्थिती म्हणजे कायद्याने जिवंत आणि बाजारात मेलेले नाणे. भारतात ५० पैशांचे नाणे आजही कायदेशीर चलन आहे, पण ते पुढे केले तर क्वचितच कोणी घेते. अशा वेळी रक्कम पूर्ण करणे चालूच राहते, फक्त त्याला नियम उरत नाही, आणि नियम नसला की ती रक्कम बहुधा वरच सरकते. नाणे राखल्याने गरिबाचे हित राखले जाते, असे म्हणणाऱ्यांनी या स्थितीचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटचा मुद्दा घरात साठलेल्या नाण्यांचा. भारताने २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद केली, आणि बँकांत ती बदलून घेण्याची मुदत आदल्या दिवशीच संपली. ज्याच्याकडे खबर उशिरा पोहोचली, त्याच्या हाती नुसता धातू उरला. कॅनडात वितरण थांबले तरी एक सेंट कायदेशीर चलन राहिला. जर्मनीची मध्यवर्ती बँक तर युरो येण्याआधीच्या मार्कच्या नोटा आणि नाणी आजही मुदतीविना बदलून देते. संपूर्ण चलन बदलूनही जे जमते, ते एका नाण्यासाठी न जमण्याचे कारण मला दिसत नाही. बदलून घेण्याची मुदत ठेवू नये, किमान संख्येची अट घालू नये आणि बँकेत खाते असण्याची सक्ती करू नये. एवढे लेखी मिळाले, तर टांकसाळीने हे नाणे पाडणे त्याच दिवशी थांबवावे.