बारावीनंतर जपानी, चिनी की कोरियन?

"ताई, ईस्ट एशियन स्टडीजची डिग्री करायची तर कुठून आणि कशी?" हा प्रश्न मला सारखा येतो. कधी क्लास सुटल्यावर एखादी मुलगी स्कूटीवर बसल्या बसल्याच विचारते, कधी तिचे बाबा फोन करून म्हणतात, "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण पुढे काय?" मी नागपुरातच इतिहासात बी.ए. केलं, एम.ए.ला दिल्लीला गेले, आता इथे जपानी शिकवते आणि भाषांतराची कामं घेते. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे बारावीनंतर नेमक्या या नावाची डिग्री शोधायला गेलात तर फारसं हाती लागत नाही. मिळतं ते भाषेतलं बी.ए. दिल्लीच्या जेएनयूत चिनी, जपानी आणि कोरियन तिन्ही आहेत. प्रवेश सीयूईटी या केंद्रीय प्रवेश परीक्षेतून होतो आणि भाषा आधी यायलाच हवी असं नाही, पहिल्या वर्षी अगदी मुळाक्षरांपासून शिकवतात. शांतिनिकेतनात चिनी शिकवणारं चीना भवन 1937 पासून आहे. जवळच हवं असेल तर पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी आहे. पूर्व आशिया या प्रदेशाचा इतिहास, राजकारण, अर्थकारण असा सगळा अभ्यास मात्र बहुधा एम.ए.ला येतो. दिल्ली विद्यापीठात ईस्ट एशियन स्टडीजचा स्वतंत्र विभागच आहे. त्याची सुरुवात 1964 साली चिनी अभ्यासाचं केंद्र म्हणून झाली, म्हणजे 1962 च्या युद्धानंतर दोन वर्षांनी. शेजाऱ्याशी जुंपल्यावर त्याची भाषा शिकायची आठवण झाली, असंच म्हणायचं.

म्हणून माझं उत्तर असं की डिग्रीचं नाव बाजूला ठेवा. एक भाषा धरा आणि एक विषय धरा. नुसती भाषा घेतलीत तर चांगले दुभाषे व्हाल, त्यात वाईट काहीच नाही. पण नुसता प्रदेश घेतलात, भाषा टाळलीत, तर जन्मभर दुसऱ्यांनी इंग्रजीत लिहिलेलं वाचून मत देत बसावं लागेल. अशी मंडळी टीव्हीवर रोज दिसतात.

भाषा कोणती, हे कोणती मालिका आवडते यावर ठरवू नका. मालिका दोन वर्षांत बदलते. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवताना चिनी, जपानी, कोरियनसाठी साधारण 2,200 तासांचे वर्ग धरतं. स्पॅनिशसाठी 600 ते 750. रोज एक तास म्हटलं तर सहा वर्षं झाली. त्यामुळे बी.ए.च्या तीन-चार वर्षांत सगळं आटोपेल, हा हिशेब जमत नाही. अकरावीतच सुरुवात केलीत तर बरं.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, आणि ती कोणी सांगत नाही. जपानी आणि कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्या विभक्तीप्रत्ययांसारखे प्रत्यय नामाला मागून लागतात. इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथे अडखळतात, मराठीतून करणारी सरळ पुढे जातात. तीच गोष्ट उच्चारांची. जपानी 'त्सु' आला की वर्गातली निम्मी मुलं 'सु' म्हणतात, कारण सगळ्यांनी त्सुनामीचं सुनामी केलेलं. मी म्हणते, 'चूल' म्हणा. आता 'ल' सोडा. झालं! आपल्या चमच्यातला च वेगळा आणि चहातला वेगळा. चिनीतही या जातीचे दोन उच्चार वेगवेगळे ठेवावे लागतात आणि फक्त हिंदी बोलणाऱ्याला त्यासाठी बराच घाम गाळावा लागतो. चिनीचे चार सूर मात्र सगळ्यांनाच छळतात.

लिपीत मराठी कामाला येत नाही. कोरियन हंगुल आठवड्याभरात वाचता येतं, म्हणून मुलांना कोरियन सोपी वाटते, आणि मग मानार्थी रूपं सुरू झाली की चेहरे उतरतात. जपानीत रोजच्या वापराची अधिकृत यादीच 2,136 कांजींची, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांची आहे. चौकटीच्या वह्या घ्या आणि रेघांचा क्रम पाळून लिहा, दुसरा उपाय नाही. फोनवर बोट फिरवून हात बसत नाही.

आता विषयाचं. इथे नागपूरकरांनी जरा आपल्या गावाकडे बघावं असं मला फार वाटतं. 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले सोलापूरचे डॉ. कोटणीस सगळ्यांना ठाऊक असतात. त्याच पाच जणांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे इथल्या मुलांना माहीत नसतं. आचार्य रघुवीर यांची संस्था लाहोरहून 1946 मध्ये नागपुरात आली आणि पुढे दिल्लीला जाईपर्यंत इथेच होती. तिबेटी, मंगोल, चिनी ग्रंथांचा ध्यास घेतलेला माणूस, 1955 मध्ये चीनचा दौरा करून आलेला. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर जपानी मदतीने उभं राहिलं, आणि नागपुरातल्याच इंदोऱ्याचे भन्ते सुरेई ससाई जन्माने जपानी. दीक्षाभूमीवर दर वर्षी जो जनसागर लोटतो, त्यातल्या किती घरांत पोरं पाली शिकतात! नागपूर विद्यापीठात पालीचा विभाग आहे. आणि पाली निकायांचे, म्हणजे बुद्धवचनांच्या संग्रहांचे, समांतर ग्रंथ चिनी भाषेत आगम म्हणून शाबूत आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचू शकणारी माणसं जगात थोडी. पुण्याचे पु. वि. बापट यांनी हे केलं होतं; समन्तपासादिका या विनयावरच्या पाली टीकेच्या चिनी आवृत्तीचं त्यांचं भाषांतर 1970 मध्ये भांडारकर संस्थेने छापलं. इथून पाली घेऊन बी.ए. करणाऱ्या, सोबत चिनी शिकणाऱ्या मुलाला मी पक्षपात करून दोन मार्क जास्त देईन. हा रस्ता नोकरीचा कमी आणि संशोधनाचा जास्त आहे, हे मान्य. पण आपल्याइतका सोयीचा तो दुसऱ्या कुणाला नाही.

"पुढे काय" विचारणाऱ्या बाबांसाठी: रांजणगावला एलजी आहे, तळेगावला ह्युंदाई, पुण्यात जपानी कामाच्या आयटी कंपन्या. आपल्या मेट्रोचे डबेसुद्धा चीनच्या दालियानमधून आले. काम आहे. पण साधी ईमेल आता मशीन भाषांतरित करतं, त्यामुळे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची खालच्या पातळीची एन5, एन4 प्रमाणपत्रं भिंतीवर शोभतात, पगार देत नाहीत. निदान एन2 हवी, आणि सोबत अर्थशास्त्र, कायदा, इंजिनिअरिंग, काहीतरी ठोस. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. फॉर्म सुटले की लगेच भरा.

आणि परदेशी शिष्यवृत्ती. जपान सरकारची मेक्स्ट आणि कोरियाची जीकेएस, दोन्ही बारावीनंतरही मिळतात. दोन्हींत फी, विमानाचं तिकीट, महिन्याचा खर्च येतो आणि डिग्रीआधी वर्षभर भाषा शिकवतात. दोन्ही अर्थातच चुरशीच्या. कोरियावाले आधीच्या वर्षांचे मार्क बारकाईने बघतात, म्हणजे अकरावी 'आरामात' काढायची सोय नाही. मेक्स्टला तर लेखी परीक्षाच असते, आणि सामाजिक शास्त्रं, मानव्यविद्या घेणाऱ्यांनाही जपानी-इंग्रजीबरोबर गणिताचा पेपर असतो. आर्ट्सला जायचं म्हणून दहावीनंतर गणिताला रामराम ठोकायच्या बेतात असाल, तर बाप्पा, जरा थांबा.